दस्त्यावरची तांब्याची तार

आमच्या घरात एक बंदूक होती आणि ती मला हवी होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं वाचताना कुणाला वाटेल की मी पहिल्यापासून शहाणाच होतो. नव्हतो.

बंदूक अब्बांची. एकनळी, बारा बोअरची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठाला आमची बाग आहे. आंबा, काजू, थोडे माड. आणि बागेपेक्षा जास्त वानर. अब्बांनी त्या बंदुकीनं आयुष्यात एक जनावर मारलं नाही. पहाटे बागेत जायचे आणि हवेत एक बार काढायचे. वानरांची अख्खी टोळी झाडावरून झाडावर पळत सुटायची आणि पुढचे चार-पाच दिवस बाग शांत. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची, आणि आणल्या दिवशी अंगणात बसून ती नळीपासून दस्त्यापर्यंत पुसून काढायची, हा अब्बांचा शिरस्ता. दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. त्याला एक तडा गेलेला होता आणि तड्यावर तांब्याची तार गच्च गुंडाळलेली होती. त्या तारेचं पुढं सांगतोच. तेच खरं सांगायचं आहे.

गेल्या पावसाळ्यात अब्बा गेले. परवाना माणसाच्या नावावर असतो, माणूस गेला की बंदूक ठाण्यात जाते. आपानं ती स्वतः नेऊन दिली आणि पावती घेऊन आली. आपा माझी थोरली बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, त्यालाही आता बारा वर्षं झाली, आणि तेव्हापासून बाग तिच्याच जिवावर उभी आहे. तिनं परवाना स्वतःच्या नावावर मागितला. कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं, "वारस दोघं आहात. भावाचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र आणा, परदेशात असेल तर तिथल्या वकिलातीच्या शिक्क्यासकट. जानेवारी संपेपर्यंत आलं नाही तर फाइल बंद. मग बंदूक सरकारजमा."

म्हणजे सगळं माझ्या एका सहीवर आलं. आणि मी सही करत नव्हतो.

मी सौदीत आहे, एकोणीस वर्षं झाली. रास अल खैरला, समुद्राकाठच्या कारखान्यांच्या वस्तीत, गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. आपाचं म्हणणं सरळ होतं. "बाबू, तू तिथं, मी इथं. वानर इथं आहेत. मग बंदूक कुणाकडं पाहिजे?"

मी म्हटलं, "पाच-सहा वर्षांत मी कायमचाच येतोय ना. तोवर राहू दे कुठंतरी जमा. अब्बांची निशाणी आहे, मुलाकडं राहायला हवी."

"बरं. मग वानरांना तसं सांगते. म्हणते, बाबू रिटायर होऊन येतोय, तोवर आंब्याला हात लावू नका."

मी फोन ठेवून दिला. असा काही संताप आला! माझी बायको मुलांच्या शाळेसाठी रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहते, तिला विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला हो कशाला बंदूक? घरात पाल निघाली तर मला हाक मारता." बायकांना भावना कळत नाहीत असं म्हणून मी तोही विषय मिटवला.

माझ्या बाजूनं एकटे चाचा होते. चाचा म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ. गावातच राहतात, आणि जमातीत त्यांच्या शब्दाला मान आहे. ते फोनवर म्हणाले, "बाईच्या हातात हत्यार? आणि तिचा हात काय तुला माहीत नाही? लग्नाआधी तिनंच पाडली होती ना बंदूक. दस्ता फुटला तो कुणामुळं? अख्ख्या गावाला माहीत आहे."

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

चाचांनी अर्ज लिहून देणाऱ्या एका माणसाकडून माझ्यासाठी दुसराच कागद तयार करून मोबाईलवर पाठवला. मी मुलगा, मी वारस, बंदूक माझ्या नावानं परवानाधारक दुकानदाराकडं ठेवावी, परतल्यावर मी परवाना घेईन, असा मजकूर. मध्येच एक वाक्य होतं: 'माझ्या बहिणीस हत्यार हाताळण्याचा सराव नसून तिच्या हातून यापूर्वी सदर बंदुकीचे नुकसान झालेले आहे.' मी दोन्ही कागद छापून घेतले, आपाचा ना-हरकतीचा आणि चाचांचा, आणि गाडीच्या दाराच्या कप्प्यात ठेवले. दोन्हींतला एकच चालणार होता. कोणता, ते उद्या ठरवू म्हणत तीन महिने काढले.

त्यातच नोव्हेंबरात मला उत्तरेला पाठवलं. तुरैफच्या बाजूला, जॉर्डनच्या सीमेकडं, आमची खाण आहे, तिथल्या गाड्या हिवाळ्यात फार छळतात म्हणून. सौदीत थंडी पडते म्हटलं की गावाकडचे लोक हसतात. त्यांना एकदा जानेवारीत तुरैफला आणून पहाटे गाडीची काच खरवडायला लावली पाहिजे. काचेवर पांढरा थर बसलेला असतो. गरम पाणी ओतलं तर काच तडकते. वायपर चालवला तर रबर फाटतं. मी कँटीनच्या जुन्या कार्डानं खरवडतो आणि बोटं बगलेत घालून पुढच्या काचेकडं जातो. कोकणात जन्मलेल्या माणसाला हा सगळा अन्यायच वाटतो.

पण काम मला येतं. गाडीच्या बाबतीत मला कुणी शिकवलेलं चालत नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत आहे. थंडीत बॅटरीचा जोर उतरतो, म्हणून प्रत्येक बॅटरी काढून तपासली, टोकांवरची पांढरी बुरशी घासून काढली. डिझेल थंडीनं मेणासारखं दाट होतं आणि फिल्टरमध्ये अडकतं, म्हणून त्यात घालायचं औषध मागवून घेतलं. टायरची हवा थंडीत आपोआप कमी होते, ती दर शनिवारी बघायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रेडिएटरमध्ये नुसतं पाणी ठेवायचं नाही, न गोठणारं कूलंट घालायचं. पाण्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो, आणि फुगला की इंजिनाचं लोखंडसुद्धा फाडतो. मी भिंतीवर हिंदीत, उर्दूत आणि माझ्या मोडक्या अरबीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: 'पाणी नाही. कूलंटच.' एका ड्रायव्हरनं तरीही बाटलीनं पाणी ओतलं, तेव्हा त्याला सगळ्यांसमोर असा काही झाडला की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता माझ्या स्वतःच्या गाडीचं ऐका.

उन्हाळ्यात रास अल खैरला तिचा पाइप फुटला होता. पाइप बदलला. कूलंट हाताशी नव्हतं, म्हणून नळाचं पाणी भरलं. तिथं समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारा भलामोठा कारखाना आहे, आणि ते पाणी इतकं स्वच्छ की आम्ही कोकणी लोक त्याचं कौतुक करताना थकत नाही. लहानपणी खाडीचं खारट पाणी उपसलेली माणसं आम्ही! मला वाटलं, असल्या पाण्यानं रेडिएटरचं भलंच होईल. नंतर बदलू म्हटलं. मग उत्तरेची ऑर्डर आली, त्याच पाण्यावर गाडी हजारभर किलोमीटर चालवत वर आणली, आणि साठ-बासष्ट गाड्या तपासल्या त्यांत माझी नव्हती. माझी काय, उद्याही झाली असती.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं की शुक्रवारी अरारला आपल्या वकिलातीचा कॅम्प आहे. अधिकारी येणार, सकाळी नऊ ते अकरा बसणार, जुम्म्याच्या नमाजाआधी उठणार. पुढचा कॅम्प तीन महिन्यांनी. अरार आमच्यापासून अडीच तासांवर. कुरिअरनं कागद महिना संपायच्या आत पोचवायचा तर एवढा एकच दिवस हातात होता.

गुरुवारी संध्याकाळी आपाचा व्हिडिओ आला. बागेच्या वरच्या अंगाला अब्बांनी शेवटच्या वर्षी लावलेली आंब्याची कलमं होती. रानडुकरांनी एका फेरीत सगळी उकरली होती. मुळं वर, पानं खाली. आपा नुसता मोबाईल फिरवत होती. तिच्या चपलांचा आवाज तेवढा येत होता. नंतर तिचा फोन आला.

"उद्या जातोयस ना?"

"जातोय."

"सही करशील ना रे?"

"करीन," मी म्हटलं. कोणत्या कागदावर ते नाही सांगितलं. तिला वाटलं तिच्याच. मी तसंच वाटू दिलं.

गुरुवारी रात्री त्या हिवाळ्यातली सगळ्यांत कडक थंडी पडली. शुक्रवारी पहाटे फज्रची नमाज झाली आणि मी निघालो. गाडी पहिल्या दमात सुरू झाली. मनात म्हटलं, याला म्हणतात बॅटरी सांभाळणं! रस्त्यावर धुकं होतं, म्हणून हळू चाललो. थंडीत उंट डांबराच्या उबेला येऊन बसतात, आणि धुक्यात उंट दिसतो तेव्हा तो आधीच बॉनेटवर आलेला असतो. तीसेक किलोमीटर गेलो असेन. हीटरमधून गार वारा यायला लागला. खाली बघतो तर इंजिन तापल्याचा काटा लाल पट्टीत!

बाहेर अंग गोठतंय आणि इंजिन मात्र उकळतंय. एखाद्या नवशिक्याला काही समजलं नसतं. मला मात्र त्याच क्षणी समजलं. रेडिएटरच्या खालच्या अंगाला बर्फ धरला होता. पाणी फिरायचं थांबलं होतं. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. वरचा पाइप हात भाजेल इतका गरम, आणि खालचा दगडासारखा गार आणि कडक. भिंतीवरची माझी ती तीन भाषांतली पाटी डोळ्यांपुढं आली. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून स्वतःला मराठीत, हिंदीत आणि अरबीत शिव्या दिल्या. ज्या ड्रायव्हरला झाडलं होतं तो तिथं नव्हता, तेवढं एक बरं.

साडेसात वाजले होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मोबाईलला रेंज नाही. अकराला कॅम्प उठणार, आणि तो उठला की मी कागद कोणता निवडायचा हा प्रश्नच राहणार नव्हता. बंदूक माझी नाही आणि आपाचीही नाही. ती कुठल्यातरी सरकारी कोठडीत गंजत पडणार. तेव्हा पहिल्यांदा मला खरोखरीची भीती वाटली.

अर्ध्या तासानं धुक्यातून एक जुनी पिकअप आली. मागं मेंढ्या. तिच्यातून एक म्हातारा उतरला. अंगात आतून लोकर असलेला लांब फरवा, डोक्याला शेमागचा रुमाल गुंडाळलेला. त्यानं सलाम केला, बॉनेटमध्ये डोकावला, खालच्या पाइपला बोट लावलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "पाणी?"

मी मान हलवली.

"तू समुद्राकडचा का रे?"

"हो."

"मग बरोबर," तो म्हणाला, आणि कामाला लागला. समुद्राकडची माणसं असंच करणार हे त्यानं गृहीतच धरलं होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही.

त्यानं एक गोणपाट काढून रेडिएटरच्या तोंडावर लावलं, म्हणजे गार वारा आत शिरू नये. गाडीतून वाळक्या काटक्या काढून वाऱ्याच्या आडोशाला जाळ केला आणि त्यावर मोठी किटली ठेवली. कोमट पाणी मी थोडं थोडं खालच्या पाइपवर ओतायचं, मिनिटभर इंजिन चालवायचं, बंद करायचं, पुन्हा ओतायचं. घाई करून चालत नाही. किटलीतलं उरलेलं पाणी त्यानं चहाला घेतलं. आम्ही जाळाजवळ उकिडवे बसलो आणि त्यानं विचारलं, एवढ्या सकाळी कुठं निघालास?

सांगितलं. माझ्या अरबीत सांगणं म्हणजे अर्धं तोंडानं, अर्धं हातानं. बाप, बाग, माकडं, बंदूक, बहीण, कागद. बंदूक म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. त्यानं पाकीट काढलं आणि नातवंडांच्या फोटोमागून एक कार्ड काढून दाखवलं. त्याच्या बंदुकीचा परवाना. लांडगे मेंढ्या नेतात, त्यासाठी. "घरी आहे, कपाटात," तो म्हणाला. "थंडीच्या आधी मी स्वतः साफ करतो. या थंडीत चुकीचं तेल लावलं की ते दाट होतं आणि घोडा अडकतो. मग तू दाब किती दाबायचं ते. लांडगा तुझ्याकडं बघत उभा!"

मी हसलो, आणि हसता हसता एकदम थांबलो. कारण हे मला माहीत होतं. आमच्याही घरी झालं होतं. अब्बा बंदुकीला खोबरेल लावायचे. कोकणात कशाला लावत नाहीत खोबरेल? एका जानेवारीत पहाटे गारठ्यानं ते आत थिजलं आणि घोडा पडेचना. वानर समोरच्या कलमावर बसून आरामात मोहोर ओरबाडत होते. आपा घरात धावत गेली, चुलीजवळ नळी शेकून आणली, फडक्यानं सगळं खोबरेल पुसून काढलं आणि अम्मीच्या शिलाई मशिनचं तेल दोन थेंब घातलं. तेव्हापासून बंदुकीचं तेलपाणी तिच्याकडंच. अब्बा अंगणात पुसायला बसायचे खरे, पण समोर बसून सांगायची आपा.

म्हाताऱ्यानं पेला पुढं केला आणि सहज विचारलं, "मग तुमच्याकडं ती बंदूक चालवतं कोण? तू की बहीण?"

सोपा प्रश्न. चार महिने कुणी विचारला नव्हता. चाचांनी नाही, कचेरीनं नाही, मी स्वतःला नाही.

"बहीण," मी म्हटलं.

"आणि तू?"

"मी एकदाच."

आणि मग मी त्या परक्या माणसाला, त्याच्या भाषेचे तुकडे जोडत, ते सांगितलं जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मी तेरा वर्षांचा होतो. अब्बांनी बंदूक माझ्या खांद्याला लावून दिली आणि म्हणाले, चाप दाब. मी दाबला. खांद्याला असा दणका बसला आणि कानात असा आवाज शिरला की मी बंदूक टाकून पळालो. ती जांभ्या दगडाच्या पायरीवर आपटली आणि दस्ता तडकला. मी पडवीच्या मागं दोन्ही कान झाकून रडत बसलो होतो. बार ऐकून चाचा आले. तडा बघून विचारलं, "कुणी पाडली?" अब्बा काही बोलायच्या आत आपा म्हणाली, "माझ्या हातून पडली." अठरा वर्षांची होती. अब्बांनी तिच्याकडं बघितलं, मी लपलो होतो त्या पडवीकडं बघितलं, आणि ते तांब्याची तार शोधायला आत गेले. चाचा म्हणाले, "पोरीच्या हातात देताच कशाला!" ते वाक्य तेव्हापासून गावात फिरतंय. त्यानंतर अब्बांबरोबर पहाटे बागेत लग्न होईपर्यंत आपाच गेली, आणि माहेरी परत आल्यावरही तीच. मी अंथरुणात कान झाकून बार व्हायची वाट बघायचो.

आणि आता मी ती बंदूक तिच्या हातून काढून घ्यायला निघालो होतो, तेही मी जी पाडली ती तिनं पाडली असं शिक्क्यानिशी लिहून देऊन.

एवढं सगळं त्या म्हाताऱ्याला किती समजलं, अल्लालाच ठाऊक. माझे डोळे मात्र भरून आले होते. धूर होता, तो एक आधार. त्यानं जाळात एक काटकी सरकवली आणि तो म्हणाला, "मग भांडण कसलं आहे? ती चालवते, तर तिची. खलास." आणि उठून गाडीकडं गेला.

खालचा पाइप आता दाबला तर दबत होता. पण खरी परीक्षा राहिली होती. बर्फानं इंजिन कुठं फाटलं असेल तर पाणी तेलात मिसळतं आणि तेल दुधाळ होतं. मग गाडी हलवायचीच नाही. तेल बघायची पट्टी ओढली. ती एकदा पुसून पुन्हा बुडवावी लागते. पुसायला फडकं नव्हतं. दाराच्या कप्प्यात हात घातला, दोन्ही कागद हाताला लागले. मी वाचून, नीट बघून, चाचांचा कागद काढला आणि त्यानं पट्टी पुसली. पुन्हा बुडवली, पुन्हा त्याच कागदावर टेकवली. 'माझ्या बहिणीस' या शब्दांवर तेलाचा काळा, स्वच्छ डाग पडला. दुधाचा मागमूस नाही. जीव भांड्यात पडला.

म्हाताऱ्यानं आपल्या गाडीतला हिरव्या कूलंटचा कॅन आणला. मी खालून होतं तेवढं पाणी सोडून दिलं आणि तो अख्खा कॅन ओतला. पैसे विचारले तर त्यानं हात झटकला. "यल्ला, जा. आणि गोणपाट राहू दे लावलेलं." मी त्याचा हात धरून शुक्रान, शुक्रान म्हणत राहिलो. त्यानं हात सोडवून घेतला, कारण मेंढ्या ओरडायला लागल्या होत्या.

पावणेनऊला निघालो. धुकं विरलं होतं. एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. अरारच्या अलीकडं एका चेक पॉइंटवर इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, दाखवायला थांबावं लागलं, तेव्हा इंजिन बंद करायचीही हिंमत झाली नाही. पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. टेबलं आवरायला घेतली होती. अधिकारी बाई फाइल बांधत होत्या. माझे हात काळे, अंगाला धुराचा वास. त्या म्हणाल्या, "हे काय, आग विझवून आलात का?"

"लावून आलो, मॅडम," मी म्हटलं. "एक सही राहिली आहे."

त्यांनी पासपोर्ट बघितला, कागद वाचला. "बहिणीच्या नावानं बंदूक?" असं म्हणून हसल्या आणि शिक्का मारला. सही करताना माझ्या अंगठ्याचा तेलाचा ठसा कोपऱ्यात उमटला. त्या म्हणाल्या, "असू द्या, तोही पुरावाच आहे."

कुरिअर शनिवारी दुपारी गेलं. त्याच्याआधी, कॅम्पच्या बाहेर पायरीवर बसूनच, मी चाचांना फोन लावला. धीर पुन्हा गोळा करता येईल याची मला खात्री नव्हती.

"चाचा, मी आपाच्या कागदावर सही केली."

"अरे पण तुला सांगितलं होतं ना! तिनं..."

"तिनं नाही पाडली. मी पाडली होती. मी पळालो, आणि तिनं स्वतःवर घेतलं. अब्बांना माहीत होतं. आता तुम्हालाही माहीत आहे. जमातीत सांगा."

मग चाचा म्हणाले, "तीस वर्षं मी त्या पोरीला बोलतोय." आणि फोन ठेवला. नंतर आपाकडून समजलं की त्याच संध्याकाळी ते काठी टेकत बागेत आले, उकरलेली कलमं बघितली, आणि जगण्यासारखी जेवढी वाटली तेवढी तिच्याबरोबर पुन्हा लावू लागले. त्यांतली अर्धी जगली आहेत.

आपाला मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. माफी मागायला लागलो तर म्हणाली, "गप रे मेल्या. आधी गाडीतलं पाणी बदललंस का?" मी बायकोला सांगितलेली गाडीची गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती. बायकोनं पोचवली.

मार्चच्या सुरुवातीला परवाना झाला. मोहोराला फळं धरायला लागली होती. मी वर्कशॉपमध्ये होतो, थंडी उतरली होती, भिंतीवरची पाटी पुसायची का ठेवायची असा विचार करत होतो. ठेवली. खाली स्वतःच्या गाडीचा नंबर लिहिला, म्हणजे सगळ्यांना हसता येईल. झाडलेला ड्रायव्हर सगळ्यांत मोठ्यानं हसला. तेवढ्यात मोबाईलवर आपाचा व्हॉइस मेसेज आला.

लावला. आधी काहीच नाही. पहाटेची बाग, लांब कोंबडा, आपाचा श्वास. तारेवरून हात फिरल्यासारखा बारीक खर्र आवाज, ती तांब्याचीच असणार. मग वानरांची खसखस. आणि मग बार. खाडीवर जाऊन परत आला. पानांतून अख्खी टोळी कोसळत पळाली, आणि त्यानंतर किती तरी वेळ शांतता. मग आपा एकदम जवळून बोलली:

"ऐकलंस ना? आणि खरं सांग, कान झाकलेस ना?"

मी तसाच उभा होतो. एका हातात मोबाईल होता, आणि दुसरा हात कानावर.